एक-पाचकडून उत्तर नाही

—अहो नाही ताई, त्या लाल दिव्याकडे नका बघू, तो पहिल्या दिवसापासून असाच डोळे मिचकावतोय, त्याचा स्वभावच तो. बिघाड खोक्यात नाहीच. बिघाड बाहेर आहे, तुमच्या इंटरनेट कंपनीच्या तारेत — मी फोनवर तुमच्या त्या बाईंना तीन वेळा सांगितलं, की खोका बंद करून परत चालू करा हे मला सांगू नका, आठ दिवसांत चाळीस वेळा केलंय मी ते, खोक्याला चक्कर यायची वेळ आली. तरी त्यांचं आपलं तेच — काका, एकदा करून बघता का? बघतो म्हटलं. दोन मिनिटं नुसता फोन धरून बसलो आणि मग म्हटलं, केलं हो, काही फरक नाही. केलं नव्हतं मी. पण तेव्हा कुठे त्यांनी तुम्हाला पाठवायचं कबूल केलं. बसा ना — ती खुर्ची नको, ती डुगडुगते, ही घ्या. संगणक तुमच्या डाव्या हाताला. माउस जरा अडतो, पण दाबून ढकलला की येतो सरळ.

काय म्हणता? चालतंय? — हो, ते चालतंच. बातम्या दिसतात, हवामान दिसतं, परवा एक माणूस सुतारकाम करून दाखवत होता ते अख्खं बघितलं मी, स्टूल तयार झालं त्याचं. तक्रार ती नाही. तक्रार अशी आहे, की एका पत्त्यावरून उत्तर येत नाही. आता तुम्ही म्हणाल, बाकी सगळीकडे जातंय ना, मग एका पत्त्याचं काय एवढं? ताई, मी बत्तीस वर्षं टपाल खात्यात होतो. छाननीला. समोर खणाखणांचं कपाट, हातात पत्रांचा गठ्ठा, नजर पत्त्यावर आणि हात खणात — मिनिटाला चाळीस पत्रं, आणि वर शेजारच्याशी गप्पाही चालू. तर दिवसाला हजारो पत्रं बरोबर गेली आणि एक चुकलं, तर त्या एकाच्या घरी जाऊन सांगून बघा, की अहो, बाकीची पोचली बरं का. ऐकून घेईल तो? नाही ना? झालं तर मग. माझं तेच म्हणणं आहे.

थांबा, दाखवतोच. सरका जरा. हे बघा — इथे सी, एम, डी, आणि एंटर. उघडली काळी खिडकी! आमच्या हिनं पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाली, मोडलात वाटतं संगणक. — हो हो, तुम्ही रोज उघडत असाल, तुमचं पोट आहे त्यावर, पण माझ्या वयाचा माणूस ही खिडकी उघडताना तुम्ही आणखी कुठे पाहिलाय? सांगा की. — पाहिलाय? कुठे? — बरं, असू दे. आता इथे पी, आय, एन, जी. पिंग. पिंग म्हणजे काय, तर दारावर टकटक. आहात का घरात? आहे. आहात का? आहे. चारदा टकटक, चारदा उत्तर, आणि किती वेळात आलं तेसुद्धा समोर लिहून. आमच्याकडे पोचपावती यायला आठवडा लागायचा, आणि तिच्यावरची सही कोणाची हे शेवटपर्यंत कळायचं नाही. आता पत्ता — एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, पाच. पाठ आहे मला. एंटर. आणि आता बघा. बघा! डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल. डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल. चारही वेळा तेच. आठ दिवस झाले, सकाळी तेच, संध्याकाळी तेच.

तुम्हाला याचं काही वाटणार नाही, तुमच्या दृष्टीनं ते एक इंग्रजी वाक्य. मला तो शेरा दिसतो. पत्र परत आलं ना, की पोस्टमन त्यावर लाल शाईनं शेरा मारतो — घर बंद. घेण्यास नकार. पत्ता सोडून गेले. आणि एक शेरा असा असतो, एका शब्दाचा, की तो असलेलं पत्र आम्ही खणात भिरकावायचो नाही, हातानं हळू ठेवायचो, उलटं, शेजारच्याच्या नजरेला पडू नये म्हणून. कोणता, ते तुम्हाला कळलं असेल. तर पूर्वी कधीमधी इथे रिक्वेस्ट टाइम्ड आउट यायचं, त्याला मी घाबरत नव्हतो — वाट बघितली, कोणी दार उघडलं नाही, झोपला असेल. पण हे अनरीचेबल नवीन आहे. तेव्हा हा यातला कुठला शेरा, तेवढं मला सांगा. घर बंद, की पत्ता सोडून गेले, की — तेवढंच सांगा, मी तुमच्या कागदावर सही करतो आणि तुम्ही मोकळ्या.

कोणाचा पत्ता? आहेत एक गृहस्थ. ओळखीचे. घड्याळं दुरुस्त करतात. दुसऱ्या गावी असतात, इथून गाडीनं चार तास. — आता नाव-गाव कशाला हवं तुम्हाला, तुम्ही तार बघा ना! — फोन? फोन आहे की त्यांच्याकडे. मी नाही करत. तेही नाही करत. त्याचं कसं आहे, एकदा तोंड फिरवलं की फिरवलं, लहानपणी मी त्याची पेन्सिल मोडली तर दीड महिना बोलला नव्हता माझ्याशी, एका पांघरुणात झोपायचो आम्ही दोघं आणि आई मधल्या मध्ये निरोप पोचवायची, दादाला सांग पाय काढ — हां. झालं. निघालं तोंडातून. धाकटा भाऊ माझा. सख्खा. आता तुम्ही काही कोणाला सांगत बसणार नाही म्हणा. पण आमच्या हिला हे टकटक प्रकरण माहीत नाही. तिला वाटतं मी सकाळी उठून हवामान बघतो. — तिला विचारू? छे! घरात त्याचा विषय बंद आहे. मीच बंद केलाय. ताटं वाजवून सांगितलंय, या घरात ते नाव नको. आता मीच कसं काढू?

ही वही बघा. बघा, बघा, लाजण्यासारखं काही नाही त्यात. सात महिन्यांच्या नोंदी आहेत. तारीख, वेळ, उत्तर आलं की नाही, किती मिलिसेकंदांत. सकाळी साडेपाच — उत्तर आहे. दुसऱ्या दिवशी साडेपाच — आहे. अहो, हा माणूस जन्मात कधी आठच्या आधी उठला नाही, आई तोंडावर पाणी मारायची. आणि आता रोज साडेपाचला हजर! मी म्हटलं, सुधारला. माझ्याशी भांडला आणि मार्गाला लागला. दुपारी दोन ते चार उत्तर नाही — झोपतो. चार वाजता, चहाची वेळ, परत हजर. रात्री साडेअकरापर्यंत जागा, ते मात्र मला पटत नव्हतं, दिवसभर भिंगातून बघणाऱ्या माणसानं डोळ्यांना विश्रांती नको द्यायला? पण सांगणार कोणाला. आणि हे पान बघा, मागच्या महिन्यातलं. हे तीन दिवस. पहाटे तीनला उत्तर आहे, सकाळी साडेपाचला नाही, दुपारी झोपेच्या वेळी आहे — सगळं वेळीअवेळी. मी लगेच ओळखलं, आजारी पडला. तीन दिवस मी रात्री उठून उठून टकटक केली, ताई. चौथ्या दिवशी साडेपाचला टकटक केली, आणि नऊ मिलिसेकंदांत उत्तर! जीव भांड्यात पडला. तेव्हा सांगायचं काय, की बोलत नसलो तरी मला त्याचं सगळं माहीत होतं. फोन करून आणखी काय कळतं हो? कसा आहेस? बरा आहे. ठेवू का? ठेव. त्यापेक्षा हे बरं. यात खोटं बोलायची सोय नाही.

पत्ता मिळाला कुठून? त्याच्याच घरी उतरवून घेतला. शेवटचा गेलो होतो तेव्हा, पहिल्याच दिवशी, अजून सगळं गोड चाललं होतं. त्यानंच शिकवलं हे सगळं मला. आयपीकॉन्फिग लिही दादा, एंटर मार, हा बघ माझ्या संगणकाचा पत्ता. मी तिथल्या तिथे लिहून घेतला आणि दोनदा ताडून बघितला, हाताची सवय जात नाही. मग घरी येऊन आमच्या संगणकावर तेच केलं, तर आमचा पत्ता काय निघावा? एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, तीन! म्हणजे पहिले तिन्ही आकडे तेच, फक्त शेवटी त्याचं पाच आणि माझं तीन. तुम्हाला सांगतो, मला भरून आलं. चार तासांचं अंतर, तोंड बघायची चोरी, पण आकडे मिळाले शेजारशेजारचे. मी त्याचा अर्थही लावला — पहिला आकडा विभाग, दुसरा जिल्हा, तिसरा गल्ली आणि चौथा दार. बरोबर बसतं की नाही? — काय झालं? हसलात तुम्ही. नाही म्हणू नका, मी बघितलं.

बरं, खोटं वाटत असेल तर आणखी एक दाखवतो. पुरावा. ट्रेसर्ट. आपलं पाकीट कुठून कुठून जातं, ते सगळे टप्पे हा एकाखाली एक लिहून देतो. बातम्यांच्या ठिकाणी जायला चौदा टप्पे लागतात — मी मोजलेत — आणि धाकट्याकडे जायला? हे बघा, वहीत आहे. एक! एका उडीत! मध्ये कोणी नाही! आमच्या वेळी त्याच्या गावचं पत्र तीन थैल्या बदलून जायचं, आणि एका थैलीचं तोंड नेहमी सुटलेलं. मी तर म्हटलं, तुमच्या कंपनीला अभिनंदनाचं पत्र लिहावं. — आता तोंडावर हात कशाला धरलात? ताई, बोला की. नाही, बोला. काय ते तोंडावर सांगा, मी रागावणार नाही. रागावलो तरी लगेच निवतो.

— परत सांगा. जरा हळू. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट हा पत्ता बाहेरचा नाही, घरातला आहे. बरं. आमच्या घरातला? — आमच्या आणि सगळ्यांच्या? म्हणजे शेजाऱ्यांकडेही हाच? तुमच्याकडेही? घरोघरी एकच? — अहो, मग पत्ता कसला तो! सगळ्या जगाला एकच पत्ता वाटला तर पत्र टाकायचं कुठे? — हां. फक्त घरातल्या घरात चालतो. म्हणजे आतल्या खोलीतून पुढच्या खोलीत. म्हणजे असं, की पाकिटावर मी एवढंच लिहिलं, ‘आतली खोली, खिडकीजवळ’, आणि मला वाटलं ते धाकट्याच्या आतल्या खोलीत जातंय. आणि ते उंबरा ओलांडून बाहेर गेलंच नाही. आमच्याच आतल्या खोलीत पडलं. — मी! मी केलं हे! बत्तीस वर्षं छाननी केलेला माणूस! माझ्या हाताखाली कोणी असा पत्ता वाचला असता, तर मी त्याला संध्याकाळपर्यंत कपाटासमोर उभा केला असता, आणि सगळ्या खात्याला बोलावून दाखवला असता.

थांबा थांबा थांबा. मग उत्तर कोण देत होतं? सात महिने, रोज, साडेपाचला? मी काही स्वप्नात नाही लिहिलं हे. उत्तर द्यायला घरात दुसरं आहे कोण? मी आणि ही. — काय उघडलंत हे? खोक्याचं पान? यात दिसतं घरात काय काय जोडलंय ते? हे तर तुमच्या त्या बाईंनी सांगितलंच नाही मला. बघू. एक-तीन, हा संगणक. एक-चार, माझा फोन. एक-पाच — अक्षर बारीक आहे, मोठं करा जरा. ‘हात लावू नका.’ — अहो नाही, तुम्हाला नाही म्हणालो, ठेवा हात, तिथे तसं लिहिलंय. ते त्या यंत्राचं नाव आहे. ‘हात लावू नका.’ यंत्राचं असं नाव ठेवणारं माणूस या घरात एकच आहे. हिचा टॅब! मेहुणीनं दिला, तेव्हा मी एकदा नुसता उघडला, तर सगळी अक्षरं उजवीकडून लिहायच्या कुठल्याशा भाषेत गेली, तेव्हापासून हे नाव. आणि शेवटचा जोडलेला — चार तारीख, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. साडेनऊच्या गाडीनं ही बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. टॅब पिशवीत, मी स्वतः पिशवी धरली. आणि वहीत बघा, चार तारखेपासून अनरीचेबल.

द्या ती वही इकडे. साडेपाच — अहो, हीच उठते साडेपाचला. टॅबवर गाणी लावते, बारीक आवाजात, मला त्रास नको म्हणून. दोन ते चार — झोपते. चारला चहा. ही तर हीच आहे, नखशिखान्त! आणि मी म्हणतोय धाकटा सुधारला. रात्री साडेअकरा — थांबा, साडेअकरा कसे? ही तर दहाला दिवा मालवते. दार लोटून घेते, म्हणते दहाच्या पुढे माझे डोळे उघडे राहत नाहीत. मग दीड तास काय करते टॅबवर? — शब्दकोडी? दीड तास शब्दकोडी? येऊ दे, विचारतोच. नाही, विचारून कसं चालेल, म्हणेल तुम्हाला कसं कळलं, आणि मग हवामानाचं बिंग फुटणार. — आणि हे तीन दिवस. ताई, हे तीन दिवस हिला ताप होता. आत पडून होती, झोप लागेना म्हणून टॅब उघडायची. आणि मी इथे, या खुर्चीत बसून, भावाच्या तापाची काळजी करत होतो. दिल्या मी हिला गोळ्या, नाही असं नाही. पाणीही नेऊन दिलं. ग्लास तिरका धरला आणि उशीवर सांडलं. तेव्हा म्हणाली, तुमचं लक्ष कुठंय हो? मी म्हटलं, कुठे काय, इथेच आहे. मला जरा लाज वाटतेय, ताई. तुम्ही पलीकडे बघा.

म्हणजे धाकट्याचं काहीच नाही. सात महिन्यांत त्याचं एकही उत्तर नाही, कारण कोणी त्याला विचारलंच नाही. आठ दिवस मी घाबरलो, ते उगीच. घाबरायचं होतं ते सात महिने, तर ते मी रोज चारदा टकटक करून, उत्तर आलं म्हणून वर चहा पिऊन काढले. एकटा असतो तो. लग्न नाही केलं, घड्याळांत रमला. पडला-झडला तर शेजाऱ्यांना कळेल तेव्हा कळेल. आणि तो काय समजला असेल? की दादानं खरंच टाकलं मला. त्याला कुठे माहीत, की मी रोज साडेपाचला उठून — आणि समजा सांगितलं, तर काय सांगू? की रोज तुझी चौकशी केली, फक्त बायकोच्या टॅबकडे केली?

भांडण कशावरून? — काही नाही हो, क्षुल्लक. त्याच्या संगणकावर पसारा होता. बिलं, फोटो, पत्रं, सगळं एकाच ठिकाणी, पोतं ओतल्यासारखं. तो बाजारात गेला होता, मी रिकामा बसलेला, म्हटलं, करून ठेवू छाननी. खण पाडले, प्रत्येक खणाला नाव दिलं, तासाभरात चकाचक. राहिल्या काही बिननावाच्या फायली. रेकॉर्डिंग एक, रेकॉर्डिंग दोन, अशा साठ-सत्तर. आता ज्याला पाठवणारा नाही आणि घेणारा नाही, ते टपाल बेवारस. पण बेवारस टपालसुद्धा आम्ही उघडून बघतो, डोळे मिटून नाही टाकत. मी ऐकल्या! चार-पाच ऐकल्या. नुसती टिकटिक. टिकटिक, टिकटिक, एक मिनिट, संपली. दुसरी लावली, टिकटिक. तुम्हीच सांगा, टिकटिक कोण जपून ठेवतं? टाकल्या. आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, मला अर्धवट काम आवडत नाही. तो आला. मी मोठ्या कौतुकानं दाखवलं, बघ, कसं लख्ख केलं. त्यानं सगळे खण बघितले, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाला, दादा, त्या टिकटिकी कुठायत?

त्याला ऐकू कमी येतंय, ताई. दोन वर्षं झाली असतील. त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. घड्याळवाल्याचे कान गेले तर राहिलं काय? घड्याळ बरं झालं की नाही, ते तो कानाला लावून ठरवतो, चाळीस वर्षं. तर ऐकू येतंय तोवर त्यानं एकेका जातीच्या घड्याळाची निरोगी टिकटिक उतरवून ठेवली होती. पुढे कानात यंत्र बसवावं लागणार, आणि त्यातून सगळंच निराळं ऐकू येतं म्हणे, तेव्हा ताडून बघायला. त्यातली कितीतरी घड्याळं गिऱ्हाइकं घेऊन गेली, ती काय आता परत मिळतात? हे सगळं त्यानं मला ओरडून सांगितलं, रडत सांगितलं. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, मग नाव द्यायचं होतंस त्यांना, चूक तुझी आहे. — हो. असं म्हणालो. तेव्हा तो म्हणाला, या घरचा पत्ता विसर. मी तिथूनच पिशवी उचलली. — आणि एका अर्थी बरोबरच होतं ना माझं? नाव नको द्यायला? — नाही. नव्हतं बरोबर. नका असं बघू, म्हटलं ना, नव्हतं.

फोन? आता? तुमच्यासमोर? — अहो, तो दुकानात असेल. — मंगळवार ना आज? मंगळवारी बंद असतं दुकान. घरीच असेल. पण त्याला फोनवर ऐकू कुठे येतं, म्हणून तर मी — नाही. खरं सांगायचं तर ते एक बरं कारण सापडलं होतं मला. ओरडून बोलावं लागतं त्याच्याशी. आता काही गोष्टी कशा असतात, की तोंडातल्या तोंडात म्हणता येतात. ‘झालं गेलं’, ‘असू दे’, ‘चुकतं माणसाचं’, असं पुटपुटायचं आणि पुढच्या विषयावर जायचं. ओरडून कसं म्हणणार? खाली शिंपी बसतो, वर ते शिक्षक राहतात, भिंती ह्या एवढ्याशा. — तुम्हाला आज दुसरी कामं नाहीत का? असतील ना, जा की. — नाही जात? आणि त्या कागदावर काय लिहाल, बिघाड काय होता म्हणून? — तसं नका लिहू. लिहा, पत्ता चुकला. बरं. बरं, द्या तो फोन. नंबर आहे माझ्या लक्षात.

वाजतोय. — वाजतोय अजून. — उचलत नाही, ठेवतो मी, तो बाहेर — हॅलो! हॅलो. मी. — मी बोलतोय! — दादा! — अरे दादा, दा-दा! — हो. — बरा आहेस का? — बरा आहेस का म्हणतोय! — बरा आहे म्हणतोय, ताई, आवाज त्याचाच आहे! — कोणी नाही, त्या इंटरनेटच्या बाई आहेत. — बाई! — ते जाऊ दे, तू ऐक. ते टिकटिकीचं. मी चुकलो. — चुकलो मी! — अरे, चुकलो म्हणतोय! माझी चूक होती! — आणखी किती मोठ्यानं? शिंप्याचं मशीन थांबलंय खाली! — मी! चुकलो! तुझ्या टिकटिकी टाकल्या, आणि वर तुलाच बोललो! — काय? — हसतोयस का तू? — तू हसतोयस. — कानात यंत्र बसवलंस? — कधी? — चार महिने झाले? म्हणजे तुला पहिल्यांदाच ऐकू आलं! पहिल्यांदाच लख्ख ऐकू आलं आणि तू मला सगळ्या इमारतीसमोर — अरे तू — तू —

ताई, तुम्ही जा आता. दार नुसतं ओढून घ्या. — तुला नाही रे म्हणालो, त्यांना म्हणालो. तू नको जाऊस. तू थांब.